आरपार गेलेले तीन टाके

तुम्हाला एकट्यालाच ठाऊक असलेली एखादी चूक तुमच्यापाशी आहे का? जुनी, विसरून गेलेली नव्हे. अशी चूक, की जिच्या भरवशावर आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, दुसरं कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला तिचा पत्ता नाही?

माझ्यापाशी होती. सहा आठवडे मी ती घेऊन फिरले, जेवले, झोपले, शाळेत मुलांना शिकवलं. आणि त्याच सहा आठवड्यांत मी इतरांच्या चुकांवर एक जळजळीत पत्रक लिहीत होते.

पत्रकं माझ्या रक्तात आहेत. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. नागपूरला गिरण्यांच्या भागात बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी संघटनेचं काम करायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या मथळ्यावरून. पुढे बाबांना अमेरिकेत रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला आलो. दोन ट्रंका आणल्या होत्या. एकीत आईच्या जुन्या साड्या आणि तिने शिवलेल्या गोधड्या, दुसरीत पत्रकं. एडिसनच्या तळघरात बाबांनी कुठून तरी जुनं सायक्लोस्टाइल यंत्र मिळवलं. कारखान्याच्या धुरावर पहिलं पत्रक निघालं तेव्हा मी नववीत होते. त्यातलं इंग्रजी माझं होतं. शेजारचे काका म्हणाले, “अहो, व्हिसावर आहात, जरा दमानं घ्या.” बाबा म्हणाले, “व्हिसावर असलेल्याला नाक नसतं का?”

कॉलेज संपल्यावर मी अलास्कातल्या एका खेड्यात शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून गेले. ऐंशीचं दशक अजून निम्मंही सरलं नव्हतं. खेडं पार उत्तरेला, समुद्राच्या काठावर. रस्ता तिथे जातच नाही, लहान विमान जातं, तेही वाऱ्याची मर्जी असली तर. गाव इनुपियाक लोकांचं. शेकडो पिढ्या तिथेच राहून सील, कॅरिबू आणि देवमासा यांवर जगलेले लोक. कॅरिबू म्हणजे सांबराच्या अंगलोटाचं थंडीतलं जनावर. मी गेले तेव्हा गावात वीज होती, टीव्ही होता, दुकानात कॉर्नफ्लेक्स होते. पण दुकानावर कुणी वर्ष काढत नव्हतं. वर्ष निघायचं ते जमिनीखाली कायमच्या गोठलेल्या मातीत खणलेल्या तळघरावर. त्यात मांस असलं तर हिवाळा गोड.

मी ज्या घरात खोली घेऊन राहिले ते एका कप्तानाचं घर होतं. देवमाशाच्या शिकारीला जाणारी होडी ज्याची, तो कप्तान. कप्तान पन्नाशीचे, अबोल. मी एडिसनच्या सवयीने त्यांना मनात काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंची आई सत्तरीची, तिला सगळा गाव ‘आका’ म्हणायचा. त्यांच्या भाषेत आजीला आका म्हणतात. म्हणून मीही.

त्या वर्षी गावात एकच विषय होता. देवमासे कमी झाले असं कुठल्या तरी लांबच्या सभागृहात ठरलं होतं, आणि प्रत्येक गावाला भाल्याचे किती वार करता येतील याचा आकडा बांधून आला होता. वार वाया गेला, देवमासा जखमी होऊन बर्फाखाली निसटला, तरी तो वार मोजला जायचा. गावातले म्हातारे सांगत होते, देवमासे बर्फाखालूनही जातात, काठावर बसून मोजणाऱ्यांना ते दिसत नाहीत. मोजणाऱ्यांनी ते ऐकून घेतलं नाही. माझं डोकं भणाणलं. मी बाबांना फोन केला. उपग्रहावरचा तो फोन, एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं.

“पत्रक काढ,” बाबा म्हणाले.

मग आईचा आवाज आला, “भाजी मिळते का गं काही?”

“नाही आई. कॅनमधली.”

“अरे देवा.”

मार्चच्या मध्यावर होडी शिवायची वेळ आली. त्यांची होडी लाकडाच्या सांगाड्याची आणि कातड्याची असते. तिला उमियाक म्हणतात. मोठ्या दाढीवाल्या सीलची सहा-सात कातडी केस गळेपर्यंत मुरवतात, ओली असतानाच एकमेकांना शिवतात आणि सांगाड्यावर ताणून बसवतात. शिवायचं काम बायकांचं. आणि ते एका बैठकीत व्हावं लागतं, कारण कातडं वाळायला लागलं की सुई ऐकत नाही. सकाळी आठ-नऊ बायका गावच्या सभागृहात जमिनीवर बसल्या. काकू सगळ्यांना कॅरिबूचं सूप आणि तळलेली गोड वडी वाढत होत्या. कातड्यांचा वास असा, की पहिला अर्धा तास माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“एडिसनमध्ये असा वास नाही?” एकीने विचारलं.

“कारखान्याचा आहे,” मी म्हणाले.

“मग तो वाईट. हा तर जेवणाचा आहे.” सगळ्या हसल्या.

मला खरं तर चहा द्यायला बोलावलं होतं. मीच हट्ट केला. मला शिवता येतं, आईकडून गोधडी शिकलेय, असं सांगितलं. आकाने माझ्या हातात सुई दिली, कॅरिबूच्या पाठीतल्या स्नायूच्या तातीचा वळलेला दोरा दिला आणि टाका दाखवला. सगळं मर्म त्या टाक्यात होतं. सुई कातड्याच्या निम्म्या जाडीपर्यंतच जाते आणि तिथूनच वळून बाहेर येते. आरपार जात नाही. मग कातड्याची कड दुमडून दुसऱ्या बाजूनेही तसंच शिवतात. म्हणजे पाण्याला आत यायला भोकच उरत नाही. गोधडीच्या नेमकं उलट. गोधडीत सुई सगळे थर भेदून खाली यायलाच हवी, नाहीतर आतली साडी सुटी राहते. आई पालथ्या बाजूला हात फिरवून बघायची, टाका उतरला की नाही.

पहिला तासभर मी श्वास धरून शिवलं. आकाने बोट फिरवून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिच्याकडून ती शाबासकीच होती. आणि मग, मला जमतंय असं वाटल्यावर, मी बोलायला लागले.

मी आकड्याबद्दल बोलायला लागले. त्या सभागृहात बसलेल्यांनी कधी बर्फ पाहिलाय का, एक वेळ उपाशी राहिलेत का, तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या तर, देवमासा तुमचा आहे, तुमच्या हक्काचा आहे. पत्रकातली वाक्यं होती ती, मी चाल लावून म्हणत होते. बायका गप्प झाल्या. मला वाटलं, भारावल्या.

“दोरा आखूड आणि जीभ लांब,” आका म्हणाली. “आधी तुझं तोंड शिवू का?”

काकू जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “होडी शिवताना त्याचं नाव असं घेत नाहीत. तो माझा आहे म्हणत तर नाहीतच. तो ऐकतो.”

“पण काकू, म्हणजे सॉरी, पण हे बोलायला नको का कुणीतरी?”

“बोल ना. सुई खाली ठेव आणि बोल.”

मी सुई खाली ठेवली नाही. मला ते अंधश्रद्धेसारखं वाटलं, आणि अंधश्रद्धेवर माझ्याकडे चार पत्रकं तोंडपाठ होती. मी अजून दोन वाक्यं बोलले. आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाला, कातड्याच्या खालून, सुई टोचली.

हात आपल्या जुन्या सवयीवर गेला होता. गोधडीवर. मी खाली बघितलं. तीन टाके, कदाचित चार, आरपार गेलेले. बोटावर रक्ताचा थेंब होता. मी बोट तोंडात घातलं.

ते तिथेच सांगितलं असतं तर काय झालं असतं? शिवण वीतभर उसवावी लागली असती. आकाने आणखी एक टोमणा मारला असता. बास. पण मी नुकतंच भाषण केलं होतं. भाषण केल्यावर लगेच ‘माझं चुकलं’ म्हणायला ज्या जातीचं धैर्य लागतं ते माझ्याकडे नव्हतं; माझ्याकडे दुसऱ्या जातीचं होतं. शेजारच्या बाईने कड दुमडली, दुसऱ्या बाजूची शिवण माझ्या टाक्यांवरून चढली आणि ते झाकले गेले. माझ्या मनाने हिशेब केला, दुहेरी शिवण आहे, वर चरबी चोळतील, काही होणार नाही.

होडी सांगाड्यावर चढली आणि बाहेर उंच मांडणीवर ठेवली गेली. थंडीत आणि उन्हात ते कातडं दिवसेंदिवस पांढरं होत गेलं. शाळेची वाट तिच्याखालून जायची. रोज दोनदा. मी मान खाली घालून जायला लागले.

एप्रिल सुरू झाला. किनाऱ्याला धरून बसलेला बर्फ आणि लांबचा तरंगता बर्फ यांच्यात वारा पाण्याची पट्टी उघडतो. देवमासे त्या पट्टीतून उत्तरेला जातात. गावच्या पुरुषांनी बर्फाच्या उंचवट्यांतून कुदळींनी वाट काढली, बर्फावर धावणाऱ्या स्नो-मशीनला स्लेज, म्हणजे बिनचाकी घसरगाड्या, जोडल्या, आपापल्या होड्या त्या पाण्याच्या काठावर नेल्या आणि तिथेच छावण्या टाकल्या. काकांच्या होडीत सात जण. भाला मारणारा काकांचा पुतण्या, पंचविशीचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

आणि काकू घरात बसल्या. हे मला आधी कळलंच नव्हतं. त्यांच्यात असं मानतात, की देवमासा येतो तो कप्तानाकडे नव्हे, त्याच्या बायकोकडे. ती घरात शांत असली, मोठ्याने बोलत नसली, कुणावर रागावत नसली, घाईने काही कापत नसली, तर तोही शांतपणे येतो. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या. शेजारी रेडिओ. त्यावर छावणीतले लोक दिवसातून दोन-तीनदा चार शब्द बोलायचे. गावच्या वाट्याचा एक देवमासा दुसऱ्या होडीला मिळाला. मग एक वार वाया गेला. जखमी जनावर बर्फाखाली गेलं. त्यानंतर रेडिओवर काका म्हणाले, “आता एकच उरला.” संपूर्ण गावाला तो आवाज ऐकू गेला. एक वार. तो ज्या होडीला साधेल तिचा. नाहीतर कुणाचाच नाही, आणि तळघर अर्धं.

दोन दिवसांनी काकूंचा भाऊ छावणीतून गरम जेवण न्यायला आला. बुटांवरचा बर्फ झटकत तो सहज म्हणाला, “होडी जरा पाणी पितेय.”

काकूंनी नजर खिडकीवरून हलवली नाही. “किती?”

“एक मग. काल सील मारायला पाण्यात उतरवली होती तेव्हा. नवीन कातडं आहे, भिजलं की फुगेल, बंद होईल.”

“होईल,” काकू म्हणाल्या.

मी आत खोलीत गेले. टेबलावर टाइपरायटर होता, त्यात पत्रक. शेवटचं वाक्य आदल्या दिवशी लिहिलेलं: ‘ज्यांच्या निर्णयावर दुसऱ्यांचं पोट अवलंबून आहे, त्यांनी आपली चूक जाहीरपणे आणि ताबडतोब कबूल करावी, अशी आमची मागणी आहे.’

मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मी पुन्हा वाचलं. खरं सांगते, तरीसुद्धा मी लगेच बाहेर गेले नाही. मी कारण शोधलं, आणि कारण तयारच होतं. काकूंनी शांत राहायला हवं. त्यांना आत्ता हे सांगणं म्हणजे त्यांची शांतता मोडणं. त्यांच्या रिवाजाचा मी आदर करायला नको का? दीड महिन्यापूर्वी ज्या गोष्टीला अंधश्रद्धा म्हणत होते, तिच्याच मागे लपायला मी निघाले होते. बाबांच्या पत्रकांत अशा लबाडीला एक खास शब्द होता. तो इथे लिहीत नाही.

बाहेर काकूंचा भाऊ जेवणाचे डबे स्लेजवर बांधत होता. मशीनचा आवाज सुरू झाला. सात माणसं. एक मग पाणी स्थिर होडीत. देवमासा बांधून ओढायला लागल्यावर त्या शिवणीवर किती ताण येईल? त्या पाण्यात माणूस काही मिनिटंच टिकतो.

मी काकूंसमोर जाऊन जमिनीवर बसले.

“काकू, पाणी कुठून येतंय मला माहितेय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“माझे टाके आरपार गेलेत. डावी बाजू, पुढून दुसऱ्या कातड्याची शिवण, तळाजवळ.”

“किती?”

“तीन. चार असतील.”

“आणि तुला कधी कळलं?”

“तेव्हाच.”

त्यांचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. पण बोटं एकमेकांत इतकी घट्ट गेली की नखं पांढरी पडली. त्यांनी डोळे मिटले. त्या काही क्षण नुसत्या श्वास घेत होत्या, आणि त्या श्वासाकडे बघताना मला कळलं की त्या राग गिळत नव्हत्या; उचलून नीट बाजूला ठेवत होत्या.

“माझ्या भावाला थांबव,” त्या म्हणाल्या. “आईला घेऊन जा. मला इथून उठता येणार नाही.”

“रागवा ना मला.”

“आत्ता रागवायचं नसतं. जूनमध्ये रागवेन.”

आकाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने सुईची डबी घेतली, तातीचा दोरा अंगातल्या पार्कीच्या, म्हणजे केसाळ कातड्याच्या कोटाच्या आत, छातीशी ठेवला, चरबीचा गोळा फडक्यात बांधला आणि कॅरिबूच्या कातड्यात गुंडाळून स्लेजवर बसली. मी तिच्या मागे. तासभराची वाट होती, घराएवढ्या उंच बर्फाच्या ढिगांमधून. आका एकदाच बोलली. “बोट दुखतं का अजून?”

तिला ठाऊक होतं. मार्चमध्ये बोट तोंडात घातलेलं तिने पाहिलं होतं. दाभण काय, सुई काय, सगळ्यांनाच टोचते, म्हणून तिने विचारलं नव्हतं. त्यापुढचं मी सांगेन असं तिने धरून चाललं होतं.

छावणीच्या बरंच अलीकडे मशीन बंद केली आणि चालत गेलो. तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. सगळ्यांच्या अंगावर पांढरे झगे, पांढऱ्या कापडाचा आडोसा, आणि बर्फाच्या कडेवर नाक पाण्यावर काढून ठेवलेली पांढरी होडी. समोर काळं पाणी, त्यातून वाफ उठत होती. भाल्याजवळ काकांचा पुतण्या बसला होता. आम्हाला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

आका काकांच्या कानाशी गेली आणि त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. होडीकडे पाहिलं. आणि नेमका तेव्हा दक्षिणेकडून आवाज आला. खोल, लांब, जसा एखादा प्रचंड माणूस झोपेत श्वास सोडतो. देवमासा.

पुतण्या अर्धा उठला. बाकीच्यांचे हात होडीच्या काठावर गेले. दुसरा श्वास आला, जवळून. तो आमच्याच काठाने येत होता, सरळ आमच्याकडे. सगळं काकांच्या हाताकडे बघत थांबलं. एक खूण, आणि होडी पाण्यात. शेवटचा वार. तो लागला असता तर त्या वर्षी गावाला अन्न देणारा माणूस म्हणजे काका.

काकांचा हात हलला. मागे. होडी मागे घ्या.

“काका, आलाय तो,” पुतण्या कुजबुजला. “एक मग पाणी आहे नुसतं. मी गुडघा ठेवतो त्याच्यावर.”

हात पुन्हा तसाच हलला.

सातही जणांनी होडी आवाज न करता बर्फावर मागे ओढली आणि पालथी केली. ती पालथी होत असतानाच तो आमच्यासमोर वर आला. वीस पावलांवर. काळी, चकाकणारी पाठ, तिच्यावरून पाणी घरंगळत होतं. त्याला कसलीच घाई नव्हती. मला वाटलं, तो थांबलाच आहे. मग तो बुडाला, आणि पुढचा श्वास उत्तरेकडून ऐकू आला, त्याच्या पुढचा आणखी लांबून. पुतण्याने भाला आडवा ठेवला. त्याच्या गालावर पाणी होतं आणि ते तिथेच गोठत होतं. तो माझ्याजवळून जाताना थांबला.

“बोल ना आता,” तो म्हणाला. “दे ना लेक्चर.”

आकाने शिवण चाचपली. तिच्या करंगळीचं टोक आत गेलं. माझ्या टाक्यांच्या जागी कातडं बोटाच्या एका पेराएवढं फाटलं होतं. ताण पडेल तसतसं ते पुढे सरकत गेलं असतं. तिने ते काकांना दाखवलं, मला दाखवलं, बाकी कुणाला नाही. गोठलेल्या कातड्यात सुई शिरेना, तेव्हा तिने मला हातमोजे काढायला लावले. किटलीतलं कोमट पाणी ओतायचं आणि त्यावर माझे उघडे तळवे दाबून ठेवायचे, ते बधिर होईपर्यंत; मग हात काखेत, मग पुन्हा. तिने जुना दोरा काढून टाकला, आतून ठिगळ लावलं आणि शिवलं. मी शब्दही बोलले नाही. मला शिवायला मिळालं नाही, आणि मी मागितलंही नाही.

होडी पुन्हा कडेवर गेली तोपर्यंत वारा पश्चिमेचा झाला होता. तरंगता बर्फ किनाऱ्याकडे येऊ लागला. काकांनी छावणी हलवली. सगळे मागे सरले आणि संध्याकाळपर्यंत त्या काळ्या पाण्याच्या जागी बर्फावर बर्फ चढला होता. आठ दिवस पट्टी उघडलीच नाही. ते आठ दिवस मी त्या घरात काढले. काकू शांत होत्या. मला जेवायला वाढत होत्या. कुणी वाईट बोललं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक कुणी बोललं नाही.

नवव्या दिवशी पाणी उघडलं. रेडिओ खरखरला आणि दुसऱ्याच एका होडीचं नाव आलं. शेवटचा वार त्यांचा होता, आणि तो लागला. बायका घराघरांतून बाहेर आल्या, ओरडल्या, रडल्या. काकूही उठून बाहेर गेल्या आणि त्या दुसऱ्या कप्तानाच्या बायकोला मिठी मारली. देवमासा ओढायला सगळ्या होड्या लागतात, काकांचीही लागली. पाच तास ती त्या पाण्यात होती, दोर ताणलेला. संध्याकाळी काका आले, खुर्चीत बसले आणि बूट काढता काढता म्हणाले, “कोरडी.” एवढंच.

गावाला मांस मिळालं. जसा रिवाज आहे, तसा वाटा प्रत्येक घराला गेला, म्हाताऱ्यांना आधी. कुणी उपाशी राहिलं नाही. पण देवमासा मिळालेल्या कप्तानाच्या घरावर चढतो तो झेंडा काकांच्या घरावर त्या वर्षी चढला नाही. जूनमध्ये मेजवानी होते. ज्या कप्तानाला देवमासा मिळतो तो सगळ्या गावाला जेवू घालतो आणि त्याच्या होडीचं कातडं काढून त्याची मोठी झोळी करतात, माणसं ती चहूबाजूंनी धरून एकेकाला आकाशात उडवतात. आमच्या होडीचं कातडं त्या झोळीला गेलं नाही. काका पुढच्या हंगामासाठी वर्षभर थांबले. ते किती वर्षं थांबू शकत होते, मला माहीत नव्हतं.

मेजवानीत पुतण्या मक्ताकचे तुकडे वाटत होता. मक्ताक म्हणजे देवमाशाची कातडी आणि तिला लागून असलेली चरबी. माझ्यासमोर तो थांबला. मला वाटलं, पुढे जाईल. त्याने तुकडा माझ्या हातात ठेवला. “घे. बोलू नकोस, घास अडकेल.”

आणि त्या दुपारी काकूंनी मला घरात बोलावलं, दार लावलं आणि सांगितल्याप्रमाणे रागावल्या. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी काहीतरी बोलायला लागले, की टाके चुकून, की हाताची सवय—

“टाक्यांचं कोण बोलतंय!” त्या ओरडल्या. “माझ्या आईने पहिल्या होडीत सात टाके आरपार घातले होते. सात! त्याच क्षणी सांगितले. उसवले, शिवले, सूप प्यायलो. तू रोज त्या होडीखालून शाळेत गेलीस. रोज! माझा नवरा त्या होडीत बसला होता, आणि तू माझ्या घरात बसून माझ्या बाजूने भांडणारं पत्र लिहीत होतीस. मला तुझं पत्र नको होतं. मला ते तीन टाके हवे होते.”

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, “झालं. रागवून झालं. आता जेव.”

बाबांचा फोन आला. “पत्रक निघालं का?” मी सगळं सांगितलं. उपग्रहाच्या त्या शांततेनंतर ते म्हणाले, “सांगायलाच हवं होतं का? आपली चूक सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.” मी म्हणाले, “बाबा, होडीत माकडं नव्हती. सात माणसं होती.” मग आईचा आवाज आला, “गोधडीचा टाका होता का गं तो?” मी हो म्हटलं. “माझ्याकडूनच शिकलीस,” ती म्हणाली, आणि तिलाच वाईट वाटलं.

ते पत्रक मी नंतर काढलं. त्यातला आकड्यांविरुद्धचा एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. म्हातारे बरोबर होते आणि मोजणारे चूक. पण छापण्याआधी ते काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच ओळ काढायला लावली, ‘देवमासा आमचा आहे’. ती काढली.

आता हे दशकही संपत आलं आहे आणि माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. सही नको, वर्गणी नको. पहिल्या ओळीत विचारलं तेव्हा तुमच्या मनात काहीतरी आलं होतं. जे आलं तेच. ते काय आहे हे मला कळवू नका. त्या होडीत जो बसलाय त्याला सांगा. हा कागद बाजूला ठेवा, उठा, त्याच्या दारापर्यंत चालत जा आणि नेमकी जागा सांगा: कुठली बाजू, कुठली शिवण, किती टाके. तो रागावेल. आत्ता नाही रागावला तर जूनमध्ये रागावेल. तोवर थांबायची तयारी ठेवा. पण सांगायला आज जा.